शेवटची शिवी

थोरल्या शिंप्याच्या बरगड्यांत धाकट्या भावानं कात्री खुपसली, याबद्दल वाद नव्हताच. वाद होता शिवीचा. थोरल्यानं आईवरून शिवी दिली, धाकट्याचं डोकं फिरलं, म्हणून खून नव्हे, सदोष मनुष्यवध. उद्या कोर्टात चिथावणी धरून शिक्षा ठरायची होती, म्हणजे थोडक्यात सुटका.

"माझा नवरा असली भाषा वापरायचा नाही हो," थोरल्याची बायको गुप्तहेर तिरसटरावांना म्हणाली.

तिनं पोलिसांनी काढलेला फोटो पुढे केला. पुतळ्यावर अर्धवट टाचलेला कोट, खाली थोरला, दातांत ओळीनं तीन टाचण्या.

"शी! पडताना घुसल्या असतील," तिरसटरावांचा मेहुणा म्हणाला. त्याची ट्यूब नेहमीच उशिरा पेटायची. तिरसटरावांनी फोटो खिशात घातला.

जामिनावर सुटलेला धाकटा दुकानात शीळ घालत कापड बेतत होता. टेबलावर नवी कोरी कात्री होती. लाज म्हणून नाही!

"कोट कोण टाचत होतं?"

"दादाच. टाचता टाचता शिव्या चालू. शेवटची आईवरून. ती पुरी व्हायच्या आत माझा हात उठला."

आई मागच्या खोलीत काजं करत होती. "मी दारातच होते. शिव्या देत देतच पडला," ती मान वर न करता म्हणाली.

"शिवणकाम दोघांना कुणी शिकवलं?"

"मीच."

तिरसटरावांनी सगळ्यांना तिथंच बोलावलं आणि फोटो आईसमोर ठेवला.

"टाचण्या घुसल्या असत्या तर वेड्यावाकड्या असत्या. या दातांत धरल्यात. शिवी द्यायला तोंड उघडलं असतं, तर तिन्ही खाली पडल्या असत्या. थोरला गप्प होता, काम करत होता. चिथावणी वगैरे सब झूट. धाकट्याला दुकान एकट्याला हवं होतं."

"अरेच्चा!" मेहुणा म्हणाला.

"एक गेलाच होता," आई पुटपुटली. "दुसराही घालवू?"

तिरसटरावांनी विचारलं, "म्हणून मेलेल्याच्या तोंडात घाण कोंबलीत?"

आईनं फोटोवरून बोट फिरवलं. "तोंडात टाचण्या असताना बोलू नकोस, गिळशील, असं बजावायचे मी. हा कधी ऐकायचा नाही. थोरला ऐकायचा."

"गप्प बस!" धाकटा किंचाळला, आणि कोर्टात थोरल्याच्या नावावर लिहून घेतलेली तीच शिवी त्यानं आईला घातली.

मग आईनं सुई कापडात खोचली आणि सुनेकडे वळली.

"उद्या कोर्टात मला घेऊन जा," ती म्हणाली.