खुणा कुणी उपटल्या?

सभागृहाचं दार ढकललं आणि ती उंबऱ्यातच थबकली.

रंगमंचावर एक अनोळखी माणूस गुडघे टेकून बसला होता. बाह्या दुमडलेल्या, जीभ दातांत धरलेली, आणि नखाने तो जमिनीवरची लाल चिकटपट्टी सोलून काढत होता. शेजारच्या खोक्यात हिरव्या, पिवळ्या, निळ्या पट्ट्यांचा गुंता पडला होता. काम इतकं मन लावून चाललं होतं, की दाराचा आवाजही त्याला ऐकू आला नव्हता.

"काय करताय तुम्ही?"

तो दचकून उठला. उंच, ताठ, केस नीट विंचरलेले. आणि हसला. हसू चांगलं होतं, हे तिला नंतर आठवलं आणि तिचा आणखीच संताप झाला.

"साफसफाई," तो म्हणाला. "मी गणिताचा नवा शिक्षक. उद्यापासून इथे जादा तास आहेत. बाकं मांडायची, तर जमिनीवर हा सगळा… कचरा चिकटला होता."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तो कचरा नाही. ते माझ्या मुलांचं नाटक आहे."

"नाटक… जमिनीवर?"

"मग काय छतावर असतं? प्रत्येक मुलाचा एक रंग आहे. कुठल्या वाक्याला कुणी कुठे उभं राहायचं, याच्या खुणा आहेत त्या. महिनाभर राबून बसवलंय. सोमवारी दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा, बाहेरून परीक्षक येणार. आणि तुम्ही ते सगळं नखाने उपटून खोक्यात भरलंत."

तो खोक्याकडे बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "मला वाटलं, मी चांगलं काम करतोय."

"सगळ्यांना तसंच वाटतं," ती म्हणाली, आणि दार आपटून निघून गेली. नाटकाची बाई असल्यामुळे दार छान आपटता यायचं.

त्यात तिचं काय चुकलं? या शाळेत एक रीत होती. कुठल्याही विषयाचा अभ्यासक्रम मागे पडला, की तास नाटकाचा जायचा. विज्ञान मागे पडलं, नाटकाचा तास. भाषेची उजळणी राहिली, नाटकाचा तास. वरून मुख्याध्यापक म्हणायचे, "तुमचं काय बाई, तुम्ही कधीही करू शकता." जणू मुलं नाटक शिकत नव्हती, जांभया देत होती. वर्षभर तिने मूग गिळले होते, पण परीक्षा तोंडावर आली असताना कुणी जमिनीवरून नाटक सोलून काढावं, म्हणजे फारच झालं.

शाळा सुटल्यावर ती परत आली, तर तो रंगमंचाच्या पायरीवर बसलेला. हातात नव्या चिकटपट्ट्यांची गुंडाळी. हिरव्याच्याही दोन छटा आणल्या होत्या.

"मुलं उद्या यायच्या आत लावून टाकू," तो म्हणाला. "तुम्ही सांगा, मी चिकटवतो."

"काही गरज नाही."

"तुम्हाला सगळ्यांच्या जागा पाठ आहेत?"

पाठ होत्या. पण कुणी चालल्याशिवाय, वळल्याशिवाय त्या नेमक्या सापडायच्या नाहीत. मुलं घरी गेलेली. तिने त्याला नखशिखांत न्याहाळलं.

"चढा वर," ती म्हणाली.

नाटक मुलांनी स्वतः रचलं होतं. बसथांब्यावरची रांग, आणि न येणारी बस. त्याला पाळीपाळीने सगळं व्हावं लागलं. आधी म्हातारी, म्हणजे सगळे जिला बडबडी म्हणत त्या मुलीची भूमिका, मग पेढीवरचा कारकून, मग मैत्रिणीवर रुसलेला मुलगा. बाहेर भुरभुर पाऊस लागला होता, उंच खिडक्यांतून ओल्या मातीचा वास येत होता, आणि हा गृहस्थ प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीला अगदी समांतर लावत होता.

"सर, माणसं अशी उभी राहत नाहीत."

"रांग आहे ना?"

"रांग आहे, कवायत नाही. तुमच्यासमोर ती उभी आहे, तिच्याशी तुमचं भांडण झालंय. मग तुम्ही इतके सरळ कसे?"

"मग कसा उभा राहू?"

ती पुढे झाली, त्याच्या खांद्याला बोट लावून त्याला जरासं वळवलं. "पाठ तिच्याकडे. पण कान तिच्याकडे. बोलायचं नाही, पण ती काय करते हे कळलं पाहिजे."

"हे तुम्हाला बरंच ठाऊक आहे."

"मी शिकवते."

"म्हणजे सकाळपासून तुमचा कान माझ्याकडे होता?"

तिने पट्टीचा तुकडा दाताने तोडला आणि त्याच्या पायापाशी जरा जोरातच दाबला. "हलू नका," ती म्हणाली. पण हसू आवरायला तिला खाली बघावं लागलं.

मुलांनी त्याचं नाव दुसऱ्याच दिवशी काटकोन ठेवलं. तो ताठ होता, म्हणून. काटकोनाने रंगमंचावर एकही बाक चढवलं नाही. मुलं खाली दाटीवाटीने बसवली, आणि जादा तास संपला की स्वतः मागच्या बाकावर बसून तालीम बघायला लागला. तालमीनंतर दोघं फाटकापर्यंत बरोबर जायचे, भांडत. गणितात कुणाला टाळ्या का मिळत नाहीत, यावर एकदा फाटक बंद व्हायची वेळ आली.

घरी ताई मटार सोलत होती. "आज काटकोन काय म्हणाला?" तिने विचारलं.

"मला काय माहीत?"

"आल्यापासून चारदा त्याचं नाव घेतलंस. शिव्या देत घेतलंस, तरी घेतलंस."

"ताई, मी अजून रागावलेली आहे त्याच्यावर."

"बरं," ताई म्हणाली आणि सोललेले मटार तिच्या पुढ्यातून काढून घेतले, कारण बोलता बोलता ती ते कच्चेच खात सुटली होती.

शुक्रवारी शिक्षकांची बैठक झाली. मुख्याध्यापकांनी भिंतीवर एक आराखडा लावला. पुढच्या वर्षीपासून नाटक हा विषय बंद. सभागृहात गणिताचा कायमचा वर्ग. रंगमंच काढला, की बाकांच्या आणखी रांगा बसतील. "आपल्या नव्या सरांनी किती नेटकं काम केलंय, बघा," ते कौतुकाने म्हणाले.

रेघा सरळ होत्या. सगळ्या एकमेकींना समांतर.

बैठक संपताच ती उठून बाहेर पडली. जिन्यात त्याने तिला गाठलं.

"ऐका ना… मी रुजू झालो त्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, एवढ्या जागेत जास्तीत जास्त किती बाकं मावतील. मी हिशोब करून दिला. कशासाठी ते मला—"

"आणि नंतर कळलं तेव्हा?"

तो कठड्यावरचा रंग नखाने खरवडायला लागला.

"कळलं होतं ना?"

"परवा कळलं. सांगणार होतो…"

"कधी? रंगमंच फोडल्यावर? रोज मागच्या बाकावर बसून माझी मुलं बघत होतात. त्या बडबडीने तुम्हाला विचारलं, सर, मी अकरावीतही नाटक घेऊ का? तुम्ही हो म्हणालात. तोंड वर करून हो म्हणालात." तिचा आवाज कापायला लागला, याचाही तिला राग आला. "अभिनय छान करता हो, सर. मी शिकवायची गरजच नव्हती."

ती जिना उतरून गेली. घरी पोचेपर्यंत रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते कोपऱ्यापर्यंतच टिकलं.

सोमवारी परीक्षक आल्या आणि त्याच वेळी, मुख्याध्यापकांच्या हुकमाने, सभागृहात नववीचा गणिताचा जादा तास सुरू झाला. मुख्याध्यापक घाईत होते. "परीक्षक एकट्याच तर आहेत. व्हरांड्यात उरका की."

उरका. हा एक शब्द तिला सहन झाला नाही. मुलं रंगवलेले चेहरे घेऊन तिच्याकडे बघत होती. बडबडी पहिल्यांदाच गप्प होती.

"चला," ती म्हणाली, आणि मुलांची वरात घेऊन, परीक्षकांसकट, सरळ सभागृहात शिरली. मुख्याध्यापक मागून लगबगीने आले.

काटकोन फळ्यापाशी उभा होता.

"सर, हा तास माझा आहे," ती म्हणाली. "जागाही माझी आहे. यंदा मी सगळ्यांना दोन्ही देत आले. आज देणार नाही."

त्याने खडू खाली ठेवला. "वह्या मिटा," तो नववीला म्हणाला. "बाकं भिंतीकडे."

"अहो सर—" मुख्याध्यापक म्हणाले. पण तोवर बाकांचा असा गदारोळ उठला, की पुढचं कुणाला ऐकूच गेलं नाही.

मुलं खुणांवर उभी राहिली. न येणाऱ्या बसची रांग सुरू झाली. नववी आधी हसली, मग तिचं हसणं थांबलं. शेवटी म्हातारी झालेली बडबडी रांगेतून बाहेर आली आणि म्हणाली, "इतक्या शिस्तीत उभे आहात सगळे. ही बस जाते कुठे, हे कुणी विचारलं का?"

टाळ्या थांबेनात. परीक्षक चष्मा पुसत होत्या. नववीतल्या एकाने मुख्याध्यापकांनाच विचारलं, "सर, दहावीत हा विषय आम्हाला मिळेल ना?"

मुख्याध्यापकांनी काटकोनाकडे बघितलं.

"सर, माझा आराखडा चुकलाय," तो म्हणाला. "मी बाकं मोजली. खोलीत आधीपासून काय आहे, ते धरलंच नाही. तो मी मागे घेतो. जादा तास शाळेआधी घेईन, माझ्या वर्गात."

"आणि निकाल घसरला तर?"

"तर मला जाब विचारा. यांच्या विषयाला नको."

परीक्षकांसमोर मुख्याध्यापकांना फार ताणता येईना. "राहू दे मग," ते म्हणाले. "विषय राहू दे. पण बाई—"

"पण वगैरे काही नाही, सर. यंदा नेलेले माझे सगळे तास मला परत हवेत."

मुख्याध्यापकांनी मान डोलावली आणि परीक्षकांना चहाला घेऊन गेले. मुलं बाकं परत जागेवर लावत होती. तो रंगमंचाच्या कडेला उभा, ती वर.

"माझा राग गेलेला नाही," ती म्हणाली.

"जाऊ नये. मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. भ्यालो. तुम्ही बोलणं बंद कराल, असं वाटलं."

"केलंच होतं."

"हो. तीन दिवस. फार वाईट गेले." त्याने जमिनीकडे बघितलं. "आणखी एक… याचा आराखड्याशी संबंध नाही. मला तुम्ही…"

पुढचे शब्द त्याने मान खाली घालून कॉलरमध्येच अर्धवट गिळले. तिला ते नीट ऐकू आले होते. कानापर्यंत ऊब चढली होती. पण इतके दिवस ज्याने छळलं, त्याला इतक्या स्वस्तात कोण सोडेल?

"काय पुटपुटताय? मान वर. श्वास घ्या. शेवटच्या रांगेपर्यंत गेलं पाहिजे."

त्याने मागे वळून बघितलं. शेवटच्या रांगेत सात-आठ मुलं बाकं उचलून तशीच थांबली होती. त्याचे कान लाल झाले. मग तो तिच्याकडे वळला, मान वर केली.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. स्वच्छ, खणखणीत, एकही अक्षर न गिळता.

मागे एक बाक धाडकन पडलं.

ती रंगमंचाच्या कडेला बसली, अगदी त्याच्या समोर. त्याच्या बाहीवर खडूची भुकटी होती, ती तिने हलकेच झटकली. मग पुढे वाकून त्याला उत्तर दिलं, इतकं हळू, की दोन पावलांवरही पोचलं नसतं. तो हसला. तेच हसू. आता त्याचा राग येत नव्हता.

"बाई," मागून बडबडी चिडून म्हणाली, "तुमचं काही ऐकू आलं नाही."