पांडवांवरचा स्कार्फ

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, माकणीच्या शिवारात सगळ्या कोपी सारख्याच दिसतात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेला आडोसा, आत पाच दगडांचे पांडव, पुढ्यात रानात शिंपायच्या आंबिलीचं मडकं. त्यामुळे इंद्रजित चुकला, यात त्याचा फारसा दोष नव्हता.

शिवांजली तेव्हा कोपीत एकटीच बसली होती. केमोनं डोक्यावरचे केस कधीच गेले होते. उन्हानं स्कार्फ टोचायला लागला, म्हणून तिनं तो काढून सहज पांडवांवर टाकला होता. लीला आणि जाई, तिच्या जिवाभावाच्या मैत्रिणी, टेम्पोतून मिसळ भाज्यांच्या भज्जीचं पातेलं आणायला गेल्या होत्या. तेवढ्यात एक उंचापुरा तरुण वाकून आत शिरला. उन्हातून आल्यामुळे त्याला धड काही दिसेना. तो थेट पांडवांसमोर गुडघ्यांवर बसला, स्कार्फावर हळदकुंकू वाहिलं, डोळे मिटले आणि चांगला मोठ्यानं म्हणाला,

"देवा, औंदा तरी लगीन जमू द्या. मावशी लई डोकं खाती!"

शिवांजलीला हसू आवरेना. कितीतरी महिन्यांनी ती अशी खळखळून हसली.

त्यानं दचकून डोळे उघडले. तिचे हात आपोआप डोक्याकडे गेले...

"ही... तुळजामावशीची कोप न्हाय का?"

"न्हाय. ती पल्याडच्या बांधाला. आन् तुमी पाया पडलात ते माझ्या स्कार्फाच्या."

तो कानापर्यंत लाल झाला, पण नजर मात्र त्यानं चुकवली नाही. स्कार्फ उचलून अलगद तिच्यापुढे धरला.

"म्हंजे पांडवांनी ऐकलंच न्हाय म्हणायचं."

"स्कार्फानं ऐकलंय की!"

बोलून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

येळवशीला शेतात आलेल्याला कुणी उपाशी जाऊ देत नाही. लीला-जाईनं त्याला बसवून घेतलं आणि तो नको-नको म्हणेपर्यंत बाजरीचे उंडे वाढले. खाता खाता त्याचं लक्ष स्कार्फाकडे गेलं.

"हा जांभळा तुकडा... अशाच कापडाचा ब्लाऊज मावशीला हाय."

"त्यांचाच हाय," जाई म्हणाली. "आमचं तिघींचं शिलाईचं दुकान. हिच्या दर केमोला आमी उरलेल्या तुकड्यांचा नवा स्कार्फ शिवतो. अख्खं गाव हाय हिच्या डोक्यावर!"

शिवांजलीनं हळूच त्या दोघींकडे पाहिलं. एक तिच्याबरोबर सोलापूरच्या दवाखान्यात जायची, तेव्हा दुसरी तिच्या वाटणीचे ब्लाऊज शिवून ठेवायची. उपकार केल्याचा एक शब्द कधी नाही. या दोघी आपल्या कुठल्या पुण्याईच्या, असं तिला अनेकदा वाटायचं.

निघताना जाईनं तिला कोपरखळी मारली, "माग की पांडवांकडं कायतरी."

शिवांजलीनं नुसते हात जोडले. पुढच्या वर्षाचं मागायचं, तर पुढचं वर्ष आपल्याला आहे असं धरून चालावं लागतं. तेवढा धीर तिच्याकडे नव्हता.

त्यानंतर इंद्रजितच्या शर्टाची बटणं फारच तुटायला लागली. उमरग्याला त्याचं बी-बियाण्यांचं दुकान. तिथून तो एका बटणासाठी माकणीला यायचा.

"उमरग्यात शिंपी न्हाईत व्हय?"

"हाईत की. पण ते तुमच्यासारखं हसत न्हाईत."

लीला-जाईला नेमकी तेव्हाच चहा आणायची आठवण व्हायची. शेवटी एक दिवस त्यानं सरळच लग्नाचं विचारलं. सुई तिच्या हातातच राहिली.

"आजार थांबलाय... गेलेला न्हाय. गोळ्या हाईत, तपासण्या हाईत. माझ्यासंगं उद्याचं कायबी ठरवू नका."

त्यानं शर्टाचं बटण चाचपलं. मग म्हणाला, "बरं. न्हाय ठरवत. पण बटण तुटलं तर यावंच लागंल."

तो गेल्यावर लीला उसळलीच. "आमी सोलापूरला हेलपाटे कशापायी घातले गं? तुझ्या पोटात नुसत्या गोळ्या जाव्यात म्हणून? तू जगावंस म्हणून, येडे!"

शिवांजली त्या दिवशी मशीनवर डोकं ठेवून मनसोक्त रडली, आणि दोघी तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या.

पुन्हा येळवस आली. तिच्या डोक्यावर आता आखूड, कुरळे केस आले होते. तरी तिनं तो स्कार्फ सोबत आणला होता. त्यावरचा कुंकवाचा डाग तिनं वर्षभर धुतला नव्हता. कोपीत शिरून तिनं तो स्वतःच्या हातानं पांडवांवर पांघरला. दारात सावली पडली. कुणाची, ते वळून बघायची गरज नव्हती. या वेळी तो चुकून आला नव्हता.

तिनं डोळे मिटले.

"देवा," ती मोठ्यानं म्हणाली, "औंदा लगीन जमू द्या. आन् पुढच्या येळवशीला आमी दोघं..."



"दोघं काय?" तो तिच्याशेजारी येऊन बसला होता.

"...दोघं मिळून रानात आंबील शिंपू."

"आन् तपासण्या?"

"त्या हाईतच." तिनं डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. "तू येशील संगं?"

ती पहिल्यांदाच त्याला 'तू' म्हणाली होती. त्यानं मान डोलावली, आणि तेवढ्यात कडब्याच्या पलीकडून जाईचा आवाज आला,

"सोलापूरला जायची पाळी लावलीय दाजी! तुमचा नंबर तिसरा!"

शिवांजली हसली. आधी पांडवांना, आणि मग कडब्याआडच्या त्या दोघींना तिनं मनापासून हात जोडले.