उंबऱ्यावरची निळी डबी

एउदेलियाचं म्हणणं कुणी खरं मानलं नाही. पाद्रीबाबानं नाही, सख्ख्या बहिणीनं नाही, चौकशीला आलेल्या साहेबानं तर नाहीच. तुम्हीही मानू नका हवं तर. पण ऐका. मधे बोलू नका.

मेक्सिकोत, कोआविलातल्या एका कोळशाच्या खाणीवर तिचा नवरा निकानोर वायरमन होता. खाली गॅस हुंगणारा सेन्सर, त्याची तार वर मशीनघरात, आणि तिथं तारेच्या मधे एक निळी डबी. डबी वीज इतकी थेंबभर सोडायची, की खाली तार तुटली, घासली, तरी गॅस पेटेल एवढी ठिणगी पडू नये. पण डबी बिघडली की सेन्सर मुका, आणि सेन्सर मुका की काम बंद. मुकादम एवारिस्तोला काम बंद खपायचं नाही. डबी काढ, तार सरळ जोड, म्हणायचा. निकानोर म्हणायचा, मग राखणदारच घर जाळील.

जुलैत खाण पेटली. निकानोर धरून पाच माणसं गेली. चौघांची प्रेतं मिळाली. तो खाली, खाणीत भरलेल्या पाण्यात राहिला. मशीनघरात तार सरळ जोडलेली सापडली. निळी डबी गायब. वायरमनशिवाय तिला कोण हात लावणार, असं एवारिस्तो चारचौघांत विचारत फिरला. चौघी विधवा एउदेलियाच्या दारात थुंकून जायला लागल्या. डबी काढणाऱ्याचं नाव साहेब लिहिणार होता. ते तिच्या नवऱ्याचं नसावं, एवढंच तिला हवं होतं.

ऑगस्टचा तिसरा गुरुवार. ती दुकानातून मैदा आणि चरबी घेऊन आली, दार लावलं. रात्री अकराचा खाणीचा भोंगा झाला. मैदा डब्यात ओतत होती, तोच बाहेर बूट वाजले. रबरी. आत पाणी भरल्यासारखे.

पच्... पच्...

कुत्रा भुंकला नाही.

बूट दाराशी थांबले. ओल्या कोळशाचा वास आला.

"निकानोर?"

...

"कुणी काढली रे? सांग ना."

...

उंबऱ्यावर काहीतरी ठेवल्याचा आवाज. मग काही नाही.

उजाडेपर्यंत ती भिंतीला टेकून बसली. दार उघडलं. उंबऱ्यावर निळी डबी. काळं पाणी गळत होतं. तारा हिसडून तोडलेल्या. पक्कड हाती असलेला माणूस असं तोडत नाही.

ती डबी पदराखालच्या लेकरासारखी उराशी धरून पळाली. नवरा सुटला म्हणून रस्ताभर हसत होती. चौकशीला अख्खं गाव जमलेलं. तिनं डबी टेबलावर ठेवली आणि एवारिस्तोचं तोंड पांढरंफटक पडलं.

"कुठं मिळाली?" साहेबानं विचारलं.

"माझ्या दारात."

"आणली कुणी?"

"त्यानं."

एवारिस्तोच्या तोंडावर रंग परत आला. "वहिनी," तो अगदी मायेनं म्हणाला, "लपवायचीच होती, तर नीट तरी लपवायची."

मागून कुणीतरी हसलं.

संध्याकाळी खाणीच्या फाटकावर साहेबाच्या निकालाचा कागद लागला. पाणी उपसणारे पंप रात्रीच बंद केले. गुन्हेगाराला कोण वर काढतं?

दुसऱ्या दिवशी त्या कागदाखाली, महिनाभर पाऊस न पडलेल्या धुळीत, रबरी बुटांचे दोन ओले काळे ठसे होते. येतानाचे ठसे नाहीत. जातानाचे नाहीत. नुसते उभे, कागदाकडे तोंड करून. अजून वाळलेले नाहीत.

कागदावर एकच नाव आहे. निकानोर आरिस्पे.