अंगठ्याचा वास

बोरीत, रस्त्याच्या कडेला परमेश्वरचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याच्याच मागं पत्र्याच्या दोन खोल्यांत त्याचा संसार. त्या दुपारी त्याची बायको वैष्णवी नुसती दळण आणायला गेली होती. तान्ही पिंकी झोळीत झोपलेली, परमेश्वर दुकानात एका जुन्या गाडीपाशी. अर्ध्या तासाचं काम. परत येऊन तिनं लेकराला पदराखाली घेतलं, तसा पिंकीनं सवयीनं उजवा हात आईच्या गालावर ठेवला.

हाताला पेट्रोलचा वास येत होता.

"तुमी हिला गाडीवर बसवलं?"

"मी?" परमेश्वरनं कोपरापर्यंत काळे झालेले हात पुढं केले. "ह्या हातानं उचललं असतं तर पोरगी कोळशावानी झाली असती."

ते खरंच होतं. पिंकीच्या अंगावर एक डाग नव्हता. नुसता अंगठ्याला वास.

पण वैष्णवीच्या मनातून ते जाईना. महिनाभर हा माणूस एकच घोकत होता, रविवारी पोखर्णीला नरसिंहापुढं पिंकीचं जावळ काढायचं, आणि जायचं ते ह्याच गाडीवर, पिंकीला टाकीवर पुढं बसवून. गाडी वैष्णवीच्या बापाच्या वयाची. वालूरच्या किशनरावांच्या गोठ्यात कडब्याखाली पडलेली. परमेश्वरनं ती आणली, घासली, चमकवली, पण तिची दोन दुखणी काही जाईनात.

एक म्हणजे रिले. सीटखालची काडेपेटीएवढी डबी. हॉर्नचा करंट तिच्यातून जातो, आणि बटण दाबलं की ती आतून टक वाजते. ही डबी मात्र कुणी न दाबताच वाजायची. दोनदा. टक... टक. त्यानं आतले पॉइंट पॉलिश पेपरनं घासले, वायर बदलल्या. दुसरं दुखणं कार्बोरेटरचं. एक्सलेटर सोडलं तरी आतली स्लाइड खाली पडायची नाही, इंजिन आपलं बोंबलतच राहायचं. नवी केबल टाकली, सगळं खोलून धुतलं. दहा वेळा नीट चाले, अकराव्यांदा अडके.

"रविवारपर्यंत लाइनीवर येती बघ."

"आन् न्हाई आली तर?"

"तर यष्टीनं जाऊ. तुझं तोंड तर आत्ताच पंक्चर झाल्यावानी झालंय."

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम कळशी घेऊन निघाली आणि मागच्या दारानं घरात परत आली. आज नवऱ्याला पकडायचंच. ऊन रणरणत होतं. पत्रा तापून कडकडत होता. गाडीची बॅटरी काढून चुलीच्या खोलीत चार्जिंगला लावलेली, तिच्या पायापाशीच.

दुकानातून आवाज आला. टक... टक.

बॅटरी तर इथं हाय.

तिनं झोळीत डोकावलं. पिंकी गाढ झोपेत होती. तिचा उजवा अंगठा झोळीच्या बाहेर आला होता आणि हवेतच काहीतरी दाबत होता. दोनदा. थांबून पुन्हा दोनदा.

वैष्णवी धावत दुकानात गेली. कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकत होतं. गाडी थंड असली की त्याच्यावरचं छोटं बटण अंगठ्यानं दाबायचं, पेट्रोल वर येऊन बोट ओलं झालं की किक मारायची. जुन्या गाड्यांची ही रीतच. कुणीतरी ते बटण आत्ताच दाबलं होतं. आणि परमेश्वर फडक्याला हात पुसत शेजारी उभा.

"मी आत्ताच आलो चहा पिऊन," तो म्हणाला. तिनं विचारायच्या आधीच.

तो आंघोळीला गेल्यावर तिनं त्याच्या मोबाइलवरून किशनरावांना फोन लावला.

"गाडी माझ्या थोरल्या भावाची, ताई. त्याची लेक टाकीवर बसायची. बटण दाबायचा मान तिचा. दोनदा दाबायची... दुसऱ्या कुणी दाबलं की रुसायची."

"मंग?"

"एक्सलेटर अडकलं एक दिवस. भाऊ वाचला..." मग किशनरावांनीच विचारलं, "तुमच्यात ल्हान लेकरू हाय का वो?"

तिनं फोन कापला.

रविवारी उजाडताच तिनं वायरी ओढून रिले काढला आणि पिशवीत, पिंकीच्या टोपड्याखाली दडवला. ही डबी नसली की गाडी चालू होणार नाही, असं तिला वाटलं. परमेश्वर आधी हसला. "येडे, हॉर्न तेवढा वाजणार न्हाई. गाडी चालूच हुती." मग त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं. चाकाला साखळी घातली, दुकानाला कुलूप लावलं आणि दोन्ही चाव्या तिच्या हातात दिल्या.

यष्टीनं गेले. दिवसभर तो तिच्या शेजारून हलला नाही. आत्या म्हणून राजेश्री गंगाखेडहून आली होती. वस्तरा फिरला तसं तिनं जावळ पदरात झेललं, एक केस भुईला पडू दिला नाही. मग कापडात गाठ मारून गोदावरीत सोडायला आपल्या गावी घेऊन गेली.

दिवेलागणीला तिघं बोरीत परतले. कुलूप जसंच्या तसं. साखळी जशीच्या तशी. आत पेट्रोलचा वास कोंडला होता.

टाकीवर दिवसभराची धूळ बसली होती. फक्त सीटच्या पुढं, लहान लेकरू बसेल एवढी जागा स्वच्छ होती. आणि त्या जागेवर मऊ, काळ्या केसांची एक बट. अजून ओली.

परमेश्वरनं बहिणीला फोन लावला. "अजून सोडलं न्हाई, गाठ तशीच हाय रे दादा," राजेश्री म्हणत होती. "का? काय झालं?"

वैष्णवीनं नवऱ्याकडं बघितलं. आज त्याच्यावर संशय घ्यायलाही जागा नव्हती. एवढे दिवस तेवढाच एक आधार होता, हे तिला आत्ता कळलं.

खांद्यावरच्या पिशवीत रिले वाजला. टक. एकदाच.

ती दुसऱ्या आवाजाची वाट बघत राहिली. तो आला नाही. कडेवरची पिंकी गाडीकडं झुकली, हसली, आणि तिनं आपला अंगठा पुढं केला.