निळी गोळी, पिवळी गोळी

आजार एकच, दवाखाना एकच, डॉक्टरही तेच. तरी केतकीचे सगळे केस गेले आणि यासीनचे जसेच्या तसे राहिले. असं कसं झालं?

केतकी घोरपडे बारा वर्षांची होती. तिचं गाव कवठेमहांकाळजवळ. गेल्या वर्षी तिच्या अंगावर न पडता-धडपडता काळेनिळे डाग उठायला लागले, जिना चढताना धाप लागायला लागली आणि तपासणीत कळलं, की तिला रक्ताचा कर्करोग झाला आहे. तेव्हापासून ती आणि तिची आई मिरजेजवळच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या निवासात राहत होत्या. शेजारच्या खोलीत इचलकरंजीचा यासीन नदाफ आणि त्याची अम्मी. यासीन केतकीच्याच वयाचा. त्याच्या कागदावरही आजाराचं तेच नाव होतं. दोघांनी कागद शेजारी शेजारी धरून ते अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं होतं.

साल होतं २०६१. निवासात औषधं वाटायचं काम मैना नावाचा यंत्रमानव करायचा. मैनाला चार हात होते आणि आवाज शाळेतल्या बाईंसारखा. रोज सकाळी नाश्त्याच्या वेळी मैना प्रत्येकासमोर छोटी वाटी ठेवायची. केतकीच्या वाटीत पिवळी गोळी असायची, यासीनच्या वाटीत निळी. केतकीला शिवाय अधूनमधून सलाईनमधून लाल औषध चढवायचे. त्यानंतर तिला उलट्या व्हायच्या, तोंड आतून सोलून निघायचं, पाण्याचा घोटसुद्धा झोंबायचा. यासीन मात्र निळी गोळी गिळून अंगणात चेंडू टोलवायला पळायचा.

"मैना, यासीनला लाल औषध का नाही?" केतकीनं एकदा विचारलं.

"दुसऱ्या रुग्णाची माहिती मला सांगता येत नाही," मैना म्हणाली. "तुला आणखी पाणी हवं आहे का?"

आईला विचारलं, तर आई म्हणाली, "डॉक्टरांना कळतं गं सगळं. तू नको डोकं शिणवूस."

पण डोकं शिणायचं थांबेना. केतकीला वाटायचं, मीच जास्त आजारी असणार आणि हे मला कुणी सांगत नाही. मग वाटायचं, नाही, यासीनच जास्त आजारी असेल. त्याच्यावर काही उपायच नसेल, म्हणून त्याला नुसती गोळी देऊन गप्प बसवलं असेल.

दर गुरुवारी संध्याकाळी निवासाच्या व्हरांड्यात रुग्णांचा कट्टा बसायचा. लहान-मोठे सगळे यायचे आणि आपापलं सांगायचे. केतकी मोठ्या आशेनं तिथं जाऊन बसायची आणि आणखी गोंधळून परत यायची. कांबळेकाका म्हणायचे, "दही खा. दह्यानं मला उतार पडला." शेजारच्या बाई लगेच म्हणायच्या, "दही? छे छे! मला दह्यानंच त्रास झाला." कुणाला औषध चढताना थंडी वाजायची, तर कुणाला घाम फुटायचा. सगळे खरंच बोलत होते, हे केतकीला दिसत होतं. मग सगळ्यांचं खरं वेगवेगळं कसं?

कट्ट्यावर हेरलेकरमावशीही असायच्या. त्या पूर्वी याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पेशींवर संशोधन करायच्या. (पेशी म्हणजे शरीराची सगळ्यात लहान जिवंत वीट. आपलं सगळं अंग अशा विटांचंच बनलेलं असतं.) आता त्यांना स्वतःलाच आजार झाला होता. डोक्याला लोकरीची टोपी घालून त्या सगळ्यांचं ऐकत बसायच्या. फार बोलायच्या नाहीत.

एका गुरुवारी कट्टा उठल्यावर केतकी आणि यासीन पायऱ्यांवर बसले होते. यासीन बराच वेळ चप्पल घासत राहिला. मग म्हणाला, "केतकी, तुला राग येतो का गं माझा?"

"कशाचा?"

"माझे केस आहेत. मला उलट्या होत नाहीत. तू उलटी करतेस ना, तेव्हा भिंतीतून ऐकू येतं. मला लाज वाटते."

केतकीनं नाही म्हणून मान हलवली. यासीनच पुढं म्हणाला, "आपण असं करू. माझी निळी तू घे, तुझी पिवळी मी घेतो. आजार तर एकच आहे. तुझा थोडा त्रास मी काढीन, तेवढंच तुला बरं."

"आणि तुला काही झालं तर?"

"काय होणार? तुझे केस गेले, तसे माझे जातील. जाऊ देत की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मैना पाणी ओतायला वळली आणि टेबलावरच्या दोन वाट्या हळूच इकडच्या तिकडं झाल्या. मैनानं परत वळून पाहिलं, तर दोघांनी गोळ्या गिळल्या होत्या. दोघांनी आ करून तोंडं दाखवली. मैना "शाबास" म्हणाली.

पुढचे काही दिवस असंच चाललं. केतकीला बरं वाटलं, पण सकाळी उठल्यावर तिच्या पापण्या सुजलेल्या दिसायला लागल्या. आईला वाटलं, पोर रडते आहे रात्री. यासीन आधी अगदी ठीक होता. मग त्याचा चेंडू अंगणाच्या कोपऱ्यात पडून राहायला लागला. तो जेवताना घास तोंडात धरून बसायचा. एका दुपारी त्याच्या अम्मीनं त्याच्या कपाळाला हात लावला आणि तिची किंकाळी केतकीनं भिंतीतून ऐकली.

यासीन तापानं फणफणला होता. त्याला चाकांच्या खाटेवरून काचेच्या खोलीत नेलं. तिथं बाहेरचा एकही जंतू जाऊ नये म्हणून सगळेजण तोंड-नाक झाकून आत जायचे. त्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी (जंतूंशी लढणाऱ्या पेशी) जवळजवळ संपल्या होत्या.

डॉक्टर पाटणे व्हरांड्यात उभे होते. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. "हे कळतच नाही," ते नर्सला म्हणत होते. "निळ्या गोळीनं असं व्हायला नको."

केतकी दाराआड उभी राहून ऐकत होती. सांगितलं तर यासीनला रागावतील, अम्मीला काय वाटेल, आई काय म्हणेल. पण डॉक्टरांना कळत नाहीये आणि मला माहीत आहे! ती धावत पुढं गेली आणि एका दमात बोलली, "तो निळी घेतच नव्हता. निळी मी घेत होते. तो माझी पिवळी घेत होता."

डॉक्टर ओरडले नाहीत. "पिवळी? किती दिवस?" एवढंच त्यांनी विचारलं आणि उत्तर ऐकताच ते काचेच्या खोलीकडं पळाले.

अम्मी बाकावर बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. केतकी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. अम्मी म्हणाली, "बेटा, आत्ता माझ्याशी बोलू नकोस. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी हेरलेकरमावशी केतकीच्या खोलीत आल्या. "डॉक्टरांना विचारून आले आहे," त्या म्हणाल्या. "चल. तुला एक गोष्ट बघायला हवी."

प्रयोगशाळेत त्यांनी काचेची एक चकती टेबलावर ठेवली. तिला पेशीफलक म्हणायचे. तिच्यावर रक्ताचा थेंब टाकला, की त्यातल्या पेशी जिवंत राहायच्या आणि समोरच्या भिंतीवर ताटाएवढ्या मोठ्या दिसायच्या.

"हे तुझं रक्त. कालच्या तपासणीतलं उरलेलं."

भिंतीवर गोल गोल पेशी तरंगत होत्या. त्यातली एक मधूनच लांबट झाली, कमरेत बारीक झाली आणि एकीच्या दोन झाल्या.

"पेशी अशाच वाढतात," मावशी म्हणाल्या. "एकीच्या दोन, दोनाच्या चार. पण शहाण्या पेशीला कुठं थांबायचं ते कळतं. कर्करोगाची पेशी थांबायचं विसरलेली असते. आता हे बघ, निळी गोळी." त्यांनी निळ्या औषधाचा थेंब सोडला.

केतकी श्वास रोखून पाहत राहिली. काहीच झालं नाही. पेशी आपल्या एकीच्या दोन होत राहिल्या.

"म्हणजे मी इतके दिवस..."

"हो. त्या गोळीनं तुझे डोळे सुजले, पण आजाराला तिचा पत्ताही नव्हता. सुदैवानं थोडेच दिवस गेले, डॉक्टर ते भरून काढतील. आता यासीनचं रक्त बघ."

यासीनच्या पेशी अगदी तशाच दिसत होत्या. मावशींनी निळा थेंब टाकला. हळूहळू त्यांची लगबग मंदावली. एक थांबली, मग दुसरी थांबली.

"पण दिसायला तर सारख्याच आहेत!"

"दिसायला सारख्या, बिघाड वेगळे. प्रत्येक पेशीत जनुकं असतात. (जनुक म्हणजे पेशीनं काय करायचं, ते सांगणारी सूचना.) यासीनच्या पेशीत 'वाढ' म्हणणारं एक बटण दाबलेल्या अवस्थेत अडकून बसलंय. निळी गोळी नेमकी त्याच बटणावर जाऊन बसते आणि ते बंद करते. त्याच्या बाकीच्या पेशींत ते अडकलेलं बटण नाहीच, म्हणून त्यांना तिचा त्रास कमी. तुझ्या आजारी पेशींत बिघाड दुसराच आहे. तिथं हे बटण अडकलेलं नाही, मग गोळी बंद काय करणार?"

"आणि माझं औषध?"

"ते वेगळ्या रीतीनं काम करतं. पेशी दोन होण्याआधी आपल्या सगळ्या सूचनांची नक्कल करते. तुझी पिवळी गोळी त्या नकलेत खोटी अक्षरं घुसवते. नक्कल फसते, पेशी मरते. लाल औषधही दोन होऊ पाहणाऱ्या पेशींनाच गाठतं. पण आपल्या अंगात भराभर वाढणाऱ्या चांगल्या पेशीही असतातच ना? कुठं असतील?"

केतकीचा हात आपोआप डोक्यावर गेला. "केसांच्या मुळाशी?"

"बरोबर. आणि तोंडाच्या आतल्या कातडीत, पोटात. औषधाला आपलं-परकं कळत नाही. ते फक्त वाढ ओळखतं. म्हणून तुझे केस गेले. तू जास्त आजारी आहेस म्हणून नाही."

केतकी खुर्चीत बसली. कितीतरी महिन्यांपासून छळणारा एक प्रश्न सुटला होता. पण लगेच दुसरा प्रश्न आला. "मग तीच पिवळी गोळी घेऊन मी हिंडत होते आणि यासीन एवढा का आजारी पडला?"

"मोरीत पाणी ओतलं, की ते वाहून जातं. मोरी तुंबली असेल, तर तेवढंच पाणी घरभर होतं. काम झालेलं औषध मोडून बाहेर टाकायला शरीरात विकरं असतात. (विकर म्हणजे शरीरातल्या पदार्थांची तोडमोड करणारा मदतनीस.) पिवळ्या गोळीचं विकर तुझ्याकडं भरपूर आहे. यासीनकडं जन्मापासून फार थोडं. त्यात काही रोग नाही, एरवी ते कधी कळलंही नसतं. पण गोळी त्याच्या अंगात साठत गेली आणि चांगल्या पेशीही मारायला लागली. तुला सुरू करण्याआधी डॉक्टरांनी हे तपासलं होतं. त्याला ती द्यायचीच नव्हती."

केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मावशी, मग कट्ट्यावर एकमेकांना सांगून काय उपयोग? सगळ्यांचं वेगळंच असतं."

मावशींनी टोपी सारखी केली. "मलाही हाच प्रश्न पडला होता. मी इतकी वर्षं पेशी बघितल्या, आणि माझा आजार एकदा जाऊन परत का आला, ते मला सांगता येत नाही. डॉक्टरांनाही अजून नाही. आजारपणात मीसुद्धा तुझ्याइतकीच गोंधळलेली असते. पण एक सांगते. तू काल बोललीस, म्हणून यासीनवर बरोबर उपाय सुरू झाले. दह्यानं एकाला बरं वाटलं, एवढ्यावरून दही सर्वांचं औषध होत नाही. पण हजारो माणसांनी आपलं खरं खरं सांगितलं, की त्यातून कुणाला काय चालतं ते हळूहळू उमगतं. पिवळ्या गोळीच्या विकराचं कोडं असंच सुटलं. काही मुलं त्याच गोळीनं फार आजारी पडत होती. कुणीतरी ते सांगितलं, कुणीतरी ऐकलं आणि कुणीतरी विचारलं, 'यांनाच का?'"

त्या संध्याकाळी केतकी अम्मीकडं गेली. अम्मीनं तिला बाकावर शेजारी बसवून घेतलं. "त्यानंच सुचवलं होतं ना? तापातच सांगितलं मला त्यानं," ती म्हणाली. "तुम्ही दोघं वेडी आहात." आणि तिनं केतकीच्या टकलावरून हात फिरवला.

यासीनचा ताप हटायला वेळ लागला. त्याच्या पांढऱ्या पेशी आधी वाढेनात. केतकी रोज काचेबाहेर उभी राहायची आणि आतल्या डोळे मिटलेल्या यासीनकडं पाहून परत यायची. मग एका सकाळी तो उठून बसलेला दिसला. त्यानं काचेला बोट लावलं, तिनं बाहेरून लावलं. निवासात आता मैना प्रत्येकाच्या शेजारी गोळी गिळेपर्यंत उभी राहायची आणि "शाबास" त्याच्यानंतरच म्हणायची.

यासीन पुन्हा कट्ट्यावर आला, तेव्हा त्याचे गाल बसले होते आणि पिवळ्या गोळीनं सोललेलं तोंड नुकतंच भरून आलं होतं. त्यानं मावशींना विचारलं, "ते बटण माझंच का अडकलं? मी काय केलं होतं?"

"तू काहीच केलं नव्हतंस," मावशी म्हणाल्या. "एवढं पक्कं माहीत आहे. का अडकलं, ते अजून कुणालाच सांगता येत नाही."

"मग ते कळेल कधी?"

"तुम्ही असे प्रश्न विचारत राहिलात, तर कळेल."

तेवढ्यात यासीनच्या अब्बूंनी जयसिंगपूरहून आणलेलं भडंग, म्हणजे लसूण-तिखट लावलेले चुरमुरे, अम्मीनं ताटलीत ओतलं. लसणाचा वास व्हरांडाभर पसरला. यासीननं भीत भीत चार दाणे तोंडात टाकले, चावले आणि त्याचे डोळे मोठे झाले. "झोंबत नाही! अजिबात झोंबत नाही!"

केतकीचं लाल औषध नुकतंच होऊन गेलं होतं. तिच्या तोंडात फोड होते. तिनं ताटलीकडं पाहिलं, मग यासीनकडं.

"कसं लागतंय?" ती म्हणाली. "नीट सांग. काही गाळू नकोस."

यासीननं घास गिळला, जरा विचार केला आणि सांगायला सुरुवात केली.