नऊ नंबरची खाट

तसं काम अगदी साधं होतं. एक रोल धुवायचा, फोटो छापायचे आणि काडीच्या आईला पाठवून द्यायचे.

काडी म्हणजे माझी रूममेट. हडकुळी म्हणून सगळा वर्ग तिला काडी म्हणायचा आणि तीही खुशाल ओ द्यायची. फोटोग्राफीच्या कोर्सची तीन वर्षं आम्ही एकाच खोलीत काढली. मी पन्नास फोटो काढले, की सर ते पत्त्यांसारखे पिसायचे आणि म्हणायचे, "बरे आहेत." काडी दोनच काढायची. ते सर खिडकीपाशी नेऊन कितीतरी वेळ बघत उभे राहायचे. तीन वर्षं मी ते मुकाट्याने पाहिलं. शेवटच्या वर्षी तिला ताप भरला, हॉस्पिटलात न्यावं लागलं, तेव्हा मला वाईट वाटलं. पण आत कुठेतरी हायसंही वाटलं. तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू? अठरा दिवस ती तिथे होती. बसने वीस मिनिटांचा रस्ता. मी एकदाही गेले नाही. आज नको उद्या, प्रोजेक्ट आटोपलं की जाऊ, असं करता करता ती गेलीच.

त्याच संध्याकाळी तिची आई हॉस्पिटलातून थेट आमच्या खोलीवर आली. तिने काडीचे कपडे भरले आणि कॅमेऱ्याची बॅग माझ्या हातात दिली.

"तिकडेही घेऊन गेली होती. आत रोल आहे म्हणे. तू धुशील ना गं? तिचा स्वतःचा एखादा फोटो निघाला तर..."

"धुते, काकू."

बॅग मी माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. तीन आठवडे तिला हात लावला नाही.

मग एका दुपारी डार्करूममध्ये गेले आणि आतून कडी घातली. कागदावर फोटो छापताना लाल दिवा चालतो, पण रोल डब्यात भरताना तोही चालत नाही. मिट्ट काळोखात, नुसत्या बोटांनी चाचपत, फिल्म रिळाच्या खाचांत सरकवायची. नळ ठिबकत होता. रसायनांचा आंबूस वास नाकात बसला होता. माझी फिल्म नेहमी अडकायची, तशी त्या दिवशीही अडकली. ओढावी तर चिरायची भीती. मी घामाघूम झाले.

आणि तेवढ्यात दुसऱ्या कुणाच्यातरी बोटांनी फिल्मची कड माझ्या हातातून अलगद घेतली.

गार नव्हती ती बोटं. चांगली तापलेली होती. फिनेलचा भपकारा आला. कड खाचेत बसली आणि फिल्म सरसर आत गेली.

"काका...?" मी विचारलं. लॅबवाले काका असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली.

कानाजवळ फक्त श्वास... धाप लागल्यासारखा.

मी डब्याचं झाकण कसंबसं बसवलं आणि धडपडत दिवा लावला. कुणी नव्हतं. कडी आतून होती तशीच होती.

दुसरं कुणी असतं तर डबा तिथेच टाकून पळालं असतं. मी फिल्म धुतली.

छत्तीस फोटो. सगळ्या वॉर्डातल्या बायका. काडी एकातही नव्हती. एका फोटोत खिडकीपाशी खाटेवर एक आजी बसली होती, पांढरे केस मोकळे सोडून. पाय आखडून घेतले होते आणि हात पुढे केला होता, कुणाला तरी बसायला जागा करून देत असल्यासारखा. असा फोटो मला उभ्या जन्मात जमला नसता.

कोर्सच्या वर्षअखेरच्या प्रदर्शनाला चार दिवस उरले होते. माझ्याकडे लावण्याजोगं काहीच नव्हतं. मी काकूंना फोन केला.

"काकू, रोल कोरा निघाला."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

मग त्या म्हणाल्या, "असू दे. तुला उगीच त्रास झाला."

प्रदर्शनात सर आजींच्या फोटोसमोर खिळल्यासारखे उभे राहिले. "हा तू काढलास?" "हो, सर." माझा पहिला नंबर आला.

काडीचे जुने दोन फोटो कोपऱ्यात लावले होते, म्हणून तिच्या आईलाही बोलावलं होतं. ते बघून झाल्यावर काकू माझ्या भिंतीपाशी आल्या आणि थबकल्या.

"ह्या आजींना मी बघितलंय. पोर गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मृत्यूचा दाखला आणायला गेले होते. त्याच सकाळी ह्यांना भरती केलं होतं. तिचीच खाट दिली होती, नऊ नंबरची."

त्या सकाळी कॅमेरा माझ्या कपाटात होता. कुलपाची किल्ली माझ्या गळ्यात होती.

काकूंनी सावकाश माझ्याकडे वळून पाहिलं.

"म्हणजे तू गेली होतीस तिथे. फोटो काढायला गेलीस." त्यांचा आवाज जराही चढला नाही. "अठरा दिवस ती दाराकडे डोळे लावून होती गं."

मी गेले नव्हते, हा फोटो माझा नाही, एवढंच सांगायचं होतं. शेजारी सर उभे होते.

"हो, काकू," मी म्हटलं. "गेले होते."

त्या तशाच दाराकडे वळल्या आणि निघून गेल्या. पुन्हा मला कधी भेटल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फोटो घेऊन त्या वॉर्डात गेले. सिस्टरने तो निरखून पाहिला.

"ह्या आजी बऱ्या होऊन घरी गेल्या. पण इथे फोटो काढायला परवानगी नाही. कुणी काढला?"

"माझ्या... मैत्रिणीने."

सिस्टरने एकदा मागे पाहून घेतलं. आवाज खाली आला. "बारीकशी आहे का? मी स्वतः कधी बघितली नाही. नऊ नंबरला जी पेशंट येते, ती सांगते. तापात बरळतात, असं आम्ही म्हणतो. ती येते म्हणे, पायाशी बसते आणि एवढंच विचारते... मला भेटायला कुणी आलं होतं का?"

"नाही म्हटलं, की जाते. पण आज सकाळी आली, ती काही विचारायला नाही." सिस्टरने नऊ नंबरकडे बोट केलं. तिथे एक बाई तापाने ग्लानीत पडली होती. खाटेला लागून एक रिकामी खुर्ची होती, दाराकडे तोंड करून ठेवलेली. "ह्या बाईंना तिने खुर्ची मांडून ठेवायला सांगितलं म्हणे. म्हणाली, माझी मैत्रीण आज दुपारी येणार आहे. तिला बसवून घ्या... जाऊ देऊ नका."