निकाल अमेरिकेचा, धाकधूक ॲथलोनला

पाऊस आयर्लंडमधला होता, म्हणजे पडतोय की नुसताच हवेत उभा आहे, ते कळत नव्हतं. ॲथलोन गावात शॅनन नदीच्या काठी, झाडाखालच्या बाकावर बसून सुलेखा हातातला कागद बघत इंग्रजीत स्वतःशीच बोलत होती. आज निवडणूक झाली, तर तुम्ही कुणाला मत द्याल? एकदा गोड आवाजात, एकदा कोरड्या. तिसऱ्यांदा जीभ अडखळली आणि ती वैतागली, "अरे बाप्पा, हे एका दमात कोण बोलणार…"

"नागपूर का?" मागून कुणीतरी विचारलं.

ती वळली. रेनकोटची टोपी, मास्क, आणि मधल्या फटीत दोन डोळे — हसणारे.

"वर्धा रोड," ती म्हणाली. "तुम्ही?"

"पुणे. माझं मत हवं असेल तर देतो. फक्त मतदानाचा हक्क तेवढा नाही."

"मग तुमचा काही उपयोग नाही आम्हाला."

"घरचेही हेच म्हणतात," तो म्हणाला, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. नियमाप्रमाणे अंतर ठेवून.

त्याचं नाव अनीश. गावातल्या टेलिकॉम कंपनीत इंजिनियर. सुलेखा तिशी उलटल्यावर बँकेची नोकरी सोडून इथल्या कॉलेजात पुन्हा विद्यार्थिनी झालेली. आणि संध्याकाळी आपल्या खोलीतून अमेरिकेतल्या घरांना फोन लावून लोकमत गोळा करणारी. २०२०चा ऑक्टोबर होता. थोड्याच दिवसांत आयर्लंड पुन्हा बंद झालं. घरापासून पाच किलोमीटरच्या आत राहायचं, कुणाच्या घरी जायचं नाही, बाहेर चालताना दुसऱ्या एका घरच्या माणसाला भेटलं तर चालेल. सरकारने हे आजारासाठी केलं होतं. पण दोन संकोची माणसांना रोज भेटायला लावायचं असतं, तर याहून बरा कायदा सुचला नसता.

चालताना ती त्याला मतदारांच्या गोष्टी सांगायची, नावगाव गाळून. पेनसिल्व्हेनियातल्या एक आजी कुजबुजत उत्तरं द्यायच्या, कारण शेजारच्या खोलीत नवरा होता आणि त्याचं मत वेगळं होतं. एक जण तिच्यावर भरपूर डाफरला आणि शेवटी विचारता झाला, तुमच्याकडे पाऊस आहे का हो? तिकडे टपालाच्या मतांवरून कोर्टकचेऱ्या चालल्या होत्या, न्यायाधीशाची एक खुर्ची मतदानाच्या आधी भरून टाकायची घाई उडाली होती, आणि इकडे हे दोघं हंसांना चुकवत त्यावर वाद घालत होते. सुलेखाचं मत पक्कं होतं. तेव्हाच्या अध्यक्षांचं भाषण लागलं की ती कांदा चिरायला घ्यायची. एरवी तिचा कांदा इतका बारीक होत नसे.

"मग, जनता काय म्हणतेय?" अनीश रोज विचारायचा.

सांगितलं तर नोकरी जाईल, ती म्हणायची. मग तो थांबून तिच्या डोळ्यांत बघायचा, उत्तर तिथेच लिहिलेलं असल्यासारखा… आणि तिला उगाच छत्री नीट करावीशी वाटायची.

तो का विचारतो, ते उशिरा कळलं. वडील गेल्यापासून त्याची आई डॅलसला थोरल्या भावाकडे होती. कंपनी उन्हाळ्यात अनीशची बदली तिकडेच करणार होती, पण जूनमध्ये अध्यक्षांचा हुकूम निघाला आणि तसले सगळे व्हिसा वर्षअखेरपर्यंत गोठले. सरकार बदललं तर दार उघडेल. नाही बदललं तर ॲथलोन कायमचं, असं वकिलाने सांगितलं होतं. त्याचं सामान अजून खोक्यांतच होतं. एक कढई बाहेर काढायचा, भाजी करायचा, धुऊन परत खोक्यात.

"प्रेसमध्ये का नाही ठेवत?" तिने विचारलं. कपाटाला तीही आता इथल्यासारखं प्रेसच म्हणायला लागली होती.

"ठेवली की राहिल्यासारखं वाटतं," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी विस्कॉन्सिनमधल्या एका गृहस्थांनी सांगितलं, अजून ठरलं नाही बुवा. एरवी ती "धन्यवाद" म्हणून पुढच्या प्रश्नाकडे वळली असती. त्या दिवशी तिला वाटलं, यांना समजवावं, अध्यक्षांनाच पुन्हा निवडून द्या म्हणावं. तिने फोन ठेवला आणि स्वतःच्याच हातांकडे बघत बसली. ज्या माणसाच्या नुसत्या आवाजाने तिच्या कपाळाला आठ्या पडत, तोच जिंकावा असं तिला वाटत होतं. का, हे कुणी विचारण्याचीही गरज नव्हती.

पण तो हरला. नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी दुपारी घरमालकीणबाईंनीच दार वाजवून सांगितलं, युअर मॅन जिंकला, त्याचे पूर्वज आमच्या मेयो जिल्ह्यातले बरं का. जणू त्यांचा पुतण्याच पास झाला होता. ती शॅननच्या पुलावर पोचली, तर अनीश धावतच आला.

"सुलेखा, आई भेटणार."

तिने अभिनंदन केलं. त्याने तिच्याकडे नीट बघितलं. म्हणाला, तू खूश दिसत नाहीस.

"का नसेन? माझाच माणूस जिंकलाय," ती म्हणाली. ते खरंही होतं.

डिसेंबरात त्याने तिला आपला राइस कुकर दिला, मग उशा दिल्या. प्रत्येक वस्तूबरोबर तो थोडा थोडा निघून जात होता. ती इथल्यासारखं "ग्रँड", म्हणजे छान, म्हणून घेत होती, घरी येऊन वस्तू समोर ठेवून बसत होती…

आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी, जाता जाता, हरलेल्या अध्यक्षांनी तो हुकूम मार्चअखेरपर्यंत वाढवला.

नव्या वर्षाच्या पहिल्या दुपारी अनीश पुलाच्या कठड्याला टेकून उभा होता. नदी फुगली होती. बातमी तिने वाचली होती, तरी त्याने ती पुन्हा सांगितली, ओढलेल्या आवाजात. आईने दिवस मोजायला घेतले होते, म्हणाला.

"एक सांगू?" सुलेखा म्हणाली. "राग येईल तुला."

"आज आणखी कशाचा येणार."

"मी बातमी वाचून हसले." तिने छत्रीचा दांडा घट्ट धरला. "तुझी आई तिकडे वाट बघतेय, आणि मी इकडे हसले. नोव्हेंबरातही मला तोच जिंकायला हवा होता, अनीश. जगाचं काय व्हायचं ते होवो… तुझा व्हिसा अडकावा म्हणून."

तो बघतच राहिला. "तू? त्याचं नाव काढलं तरी भडकणारी तू?"

"हो. मी."

पाण्यावरून एक होडी गेली.

"इतकं?" मग त्याने हळूच विचारलं.

"इतकं."

"मार्चनंतर मी जाणार आहे, सुलेखा. आईसाठी तरी…"

"जायलाच हवं. मी थांबवत नाहीये. मला इथली पदवी पुरी करायची आहे, पुढे कुठला देश मला घेईल तेही ठाऊक नाही. मी फक्त… सांगून टाकलं."

दोघांमध्ये नियमातलं अंतर होतं. त्याने ते ओलांडलं आणि तिच्या छत्रीत येऊन उभा राहिला. छत्री लहान होती. त्याचा एक खांदा बाहेर भिजत राहिला, आणि त्याला ते कळतही नसावं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. डॅलसला सकाळ झाली होती. त्याने आईला सगळं समजावून सांगितलं, मार्च म्हणजे काही फार लांब नाही म्हणाला. आई रडल्या असाव्यात, कारण तो बराच वेळ नुसतं "हो गं, हो" करत होता. थंडीत फोन कानाशी नीट धरवेना, म्हणून त्याने तो स्पीकरवर टाकला.

"एकटाच तिकडे किती काढशील रे, बाळा," आईचा आवाज आला.

अनीशने मोकळ्या हाताने सुलेखाचा गार हात धरला आणि आपल्या रेनकोटच्या खिशात घातला.

"एकटा नाहीये, आई."

पलीकडे आईने नाक ओढलं, घसा साफ केला.

"नाव काय तिचं?"